उत्तरेस आठ पावलांवर लिंबाचे झाड

चिंचोळ फाट्यावर शहादेव टेलरचं दुकान कुणाला विचारत बसावं लागत नाही. पोलीस ठाण्याच्या फाटकातून बाहेर पडून सरळ चालत राहिलं, की माणूस त्याच्या शिलाई मशीनवरच जाऊन धडकतो. शहादेवच्या आयुष्याचं सगळं त्रांगडं या एका गोष्टीत आहे. दुकान मांजरसुंब्याच्या बाजूला आणखी शंभर पावलं सरकलेलं असतं, तर तो झंपरं शिवत शिवत सुखानं म्हातारा झाला असता.

पण पंचनाम्याला दोन पंच लागतात. त्रयस्थ, भली, परिसरातली माणसं. आता आपल्या परिसरातली भली माणसं कशी असतात? पोलिसांची जीप दिसली की कुणाला एकदम शेतातली मोटार चालू राहिल्याची आठवण होते, तर कुणाच्या सासुरवाडीला तातडीनं कुणीतरी आजारी पडतं. शहादेवला ही सोय नव्हती. त्याच्या मांडीवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं झंपर आणि पाय पायडलवर. उठून पळेपर्यंत धर्मराज जमादार समोर उभा.

"चल बे शादेव, पंच व्हायचंय."

शेजारी अंगदचं चहाचं हॉटेल. उकळत्या चहाखालची शेगडी सोडून त्यालाही पळता येत नसे. असे हे दोघं पंधरा वर्षं ठाण्याचे पंच होते. पुढं अंगद वारला आणि सगळ्या आठवणी एकट्या शहादेवच्या डोक्यात उरल्या.

शहादेवला हे काम हळूहळू आवडायलाही लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. बीडच्या कोर्टात जायला त्यानं एक पांढरा शर्ट शिवून ठेवला होता. वत्सलाबाई, म्हणजे त्याची बायको, त्याला 'साक्षीचा शर्ट' म्हणायची. एकदा उलटतपासणीत वकिलानं त्याला कोंडीत पकडायला विचारलं, "म्हणजे तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच, असंच ना?"

"न्हाई साहेब," शहादेव म्हणाला, "पोलीस माझं नेहमीचं गिऱ्हाईक हायेत. समद्यांची वर्दी मीच शिवतो."

घरी मात्र त्याची डाळ शिजत नसे. वत्सलाबाई म्हणायची, "मेलेल्याकडं पळत जाता, आन जित्या बायांची झंपरं आठ-आठ दिस लोंबत्यात. मेल्याबिगर माप घ्यायचं न्हाई का कुणाचं?"

तिच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. विहिरीतून, नाल्यातून, रस्त्याकडेच्या खड्ड्यातून माणूस वर काढला, की जमादार विचारायचा, "शादेव, उंची?" आणि शहादेव टेप न लावता सांगायचा. पाच फूट साडेचार. छाती छत्तीस. त्याचा आकडा अर्ध्या इंचानं चुकत नसे. मेलेल्या माणसाचं माप सोपं असतं, तो म्हणायचा, तो पोट आत घेत नाही.

लिहिणारा धर्मराज जमादार. माणूस वाईट नव्हता. अक्षर असं की वाचण्याआधी क्षणभर बघत राहावं. फक्त त्याची एक पद्धत होती. फार वर्षांपूर्वी एका साहेबानं त्याच्या एका पंचनाम्याची पाठ थोपटून तारीफ केली होती. कुणा दुर्दैवी माणसानं विहिरीत उडी घेतली, त्याचा तो पंचनामा. 'विहिरीस पक्का कठडा. उत्तरेस आठ पावलांवर लिंबाचे झाड. झाडाखाली चपलांचा एक जोड, तोंड विहिरीकडे.' तेव्हापासून तोच जमादाराचा फर्मा झाला. नवा पंचनामा आला की हा काढायचा, नाव, गाव, तारीख बदलायची, बाकी होतं तसं. शहादेवला यात वावगं दिसायचं कारण नव्हतं. तोसुद्धा अख्ख्या फाट्याची झंपरं एकाच फर्म्यावर कापत आला होता. थोडं कुठं सैल, कुठं घट्ट. बायका बोलत, पण घालत.

माणूस मात्र एकदाच मरतो, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही.

नऊ वर्षांपूर्वी दसरा उलटून गेल्यावर भिवराबाईचा बजरंग दुकानात आला. तेवीस वर्षांचा, एकुलता एक. दुसऱ्या दिवशी त्यांची टोळी ऊसतोडीला कर्नाटकात निघायची होती. त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि चांभार त्या दिवशी वडवणीच्या बाजाराला गेला होता. शहादेवनं जाड लाल दोरा घेतला आणि दाभणानं अंगठा शिवून दिला.

बजरंगनं पायात घालून बघितलं. "लई घट्ट शिवला की, शादेवभाऊ. रुतायलाय."

"सैल सोडला तर तकडं उसात कोण शिवून देणार? तुजा मुकादम?"

बजरंग हसला आणि फटक फटक चालत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार आला. मोहनरावांच्या माळावरची विहीर. मोहनराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या विहिरीच्या अगदी तोंडाशेजारून वस्तीची पाऊलवाट जायची. त्या वर्षी परतीच्या पावसानं विहीर तुडुंब भरली होती. कठड्याचे दगड कधीच ढासळून पाण्यात गेले होते. बजरंगला वर काढला तेव्हा त्याच्या उजव्या पायात काही नव्हतं. डाव्या पायात चप्पल होती. चिखलानं माखलेली, आणि अंगठ्यापाशी लाल दोरा.

ऊन असं होतं की साहेब, पंच, बघे, सगळे जीपच्या सावलीत दाटीनं उभे होते. कारण त्या माळावर दुसरी सावलीच नव्हती. हे शहादेवला पक्कं आठवतं. अंगदचा घामेजला खांदा त्याच्या खांद्याला चिकटला होता.

पंचनामा संध्याकाळी ठाण्यात लिहिला गेला. जमादारानं तो पोथी वाचल्यासारखा भरभर वाचला. शहादेवच्या घरी एका लग्नाची अकरा झंपरं पडून होती. 'पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे' या ओळीखाली त्यानं सही ठोकली आणि तो मशीनवर जाऊन बसला.

कठडा असलेल्या विहिरीत माणूस पाय घसरून पडत नाही. चपला काढून, नीट मांडून गेला, म्हणजे मनानंच गेला. फाईल बंद झाली.

चार महिन्यांनी भिवराबाई पंचनाम्याची नक्कल घेऊन शहादेवच्या बाकावर येऊन बसली. तिला अक्षर येत नव्हतं.

"वाचून दाखव, भाऊ. माजं पोर सोताहून गेलं का, तेवडं बग कागदात."

शहादेव वाचायला लागला. लिंबाच्या झाडापाशी आल्यावर त्याची जीभ अडखळली. खाली त्याचीच सही होती, ठसठशीत. तो पुढं वाचत गेला.

"कोणत्या अंगाला म्हनलास?" तिनं विचारलं.

"उत्तरंला."

"किती लांब?"

"आठ पावलं."

ती उठली, कागद पदराला बांधला आणि अनवाणी निघून गेली.

तेव्हापासून दर वर्षी बजरंग गेला त्या तारखेला ती यायची. ठाण्यात एक अर्ज द्यायची, मग बाकावर बसायची. बोलायची काही नाही. मशीनचा आवाज आणि तिची नजर. पहिली दोन-तीन वर्षं शहादेवला एवढंच जड गेलं. पुढं मात्र एक विचित्र प्रकार सुरू झाला. ती उठून गेली की बाकावर लिंबाची एक-दोन पानं पडलेली असायची. एकदा तर वाळक्या निंबोळ्या निघाल्या. फाट्यावर कडुलिंबाचं झाड नाही. चिंच आहे, बाभळी आहेत, लिंब नाही. शहादेव ती पानं झाडूनं बाहेर ढकलायचा, हात लावायचा नाही. त्या रात्री भाकर कडू लागायची.

"भाकर कडू न्हाई," वत्सलाबाई म्हणायची, "तोंड तुमचं कडू हाय. कावून, ते तुमचं तुमाला म्हाईत."

या वर्षी ठाण्याला वैष्णवी मॅडम आल्या. अंबाजोगाईकडच्या, वय तिशीचं, आवाज हळू. हळू आवाजाचा अधिकारी म्हणजे ठाण्याला धडकीच. त्यांनी आल्या आल्या जुन्या चाळीस-बेचाळीस फाईली काढल्या आणि भिंतीवर कागद चिकटवून तीन रकाने आखले: 'काय घडलं', 'काय लिहिलं', 'कुणी डोळ्यांनी पाहिलं'. पहिले दोन भरले. तिसरा जवळजवळ कोराच राहिला. मग एका संध्याकाळी त्यांनी शहादेवला बोलावलं.

खोलीत जमिनीवर पंचनामे मांडले होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत. प्रत्येकात एका ओळीखाली हिरवी रेघ.

"काका, वाचा."

शहादेवनं वाचलं. उत्तरेस आठ पावलांवर लिंबाचे झाड. पुढच्यात, उत्तरेस आठ पावलांवर लिंबाचे झाड. पालीच्या वाटेवर लिंब. ढाब्यामागं लिंब. एसटी बसमध्ये झालेल्या पाकीटमारीतसुद्धा कंडक्टरच्या सीटपासून उत्तरेस आठ पावलांवर लिंब. त्याच्या स्वतःच्या दुकानात एकदा कात्री चोरीला गेली होती. तिथंही लिंब. खोलीत पंखा फिरत होता, कागदांची टोकं एकदम उचलायची आणि खाली बसायची. शहादेवला वाटलं, रान सळसळतंय. हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

"एकेचाळीस झाडं आहेत," मॅडम म्हणाल्या. "मला दोन तपास करायचे आहेत. एक मेलेल्या माणसांचा, एक आपल्या ठाण्याचा. ठाण्याचा आधी काढला, तर सगळी तोंडं शिवली जातील. म्हणून आधी माणसं. आणि पहिला हा." त्यांनी एक कागद उचलला. "या बाईचे नऊ अर्ज आहेत. उद्या जाऊ. तुम्ही आणि जमादार. वाटेत दोघांनी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जीप माळावर चढली. धर्मराज जमादाराच्या निवृत्तीला सहा महिने होते. तो पुढं बसला होता आणि त्याची मान सबंध वाटेत एकदाही हलली नाही. चढ संपला, जीप थांबली. कुणीच उतरेना.

विहीर होती. तिला पक्का, गिलावा केलेला कठडा होता.

उत्तरेला लिंब होता. हिरवागार, उंच, एकटा. अख्ख्या माळावर वाऱ्याचं नाव नव्हतं आणि त्याची पानं मात्र हलत होती.

झाडाखाली चपलांचा एक जोड होता. नीट मांडलेला. तोंड विहिरीकडे.

जमादार खाली उतरला, दोन पावलं गेला आणि परत फिरून शहादेवच्या दंडाला धरून उभा राहिला. बोलायचं नाही, हा हुकूम तो विसरला.

"शादेव," तो कानात कुजबुजला, "हे मीच लिवलतं का बे?"

मॅडमनी कागद उघडला. विहिरीपासून उत्तरेकडं चालायला लागल्या. एक. दोन. तीन. आठव्या पावलाला त्यांचा हात बुंध्याला लागला. त्या बराच वेळ झाडाकडं आणि कागदाकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

"हा तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशा होती. "चाळीस खोटे असतील, हा एक खरा निघाला. फर्मा इथलाच असावा. काका, सही तुमची आहे. पाहून केली होती?"

जमादाराच्या तोंडावर रंग परत आला. तो शहादेवकडं असा बघत होता, जसा बुडणारा माणूस काठावरच्याकडं बघतो. एक 'व्हय' म्हटलं असतं की संपलं होतं. जीप वळली असती, फाईल पुन्हा शिवली गेली असती, यंदा कायमची. कुणाला नोटीस नाही, कुणाला कोर्ट नाही. एक म्हातारी तेवढी पुढंही बाकावर येऊन बसली असती.

आणि खरं सांगायचं तर शहादेवला स्वतःचीच खात्री वाटेना. कागद म्हणतो झाड आहे. झाड म्हणतं मी आहे. कठडा आहे, चपलासुद्धा आहेत. त्या दिवशी नव्हतं असं म्हणणारा एकटा तो. दुसरा अंगद, तो गेला. नऊ वर्षं म्हणजे काय कमी झाली? आपणच जीपची सावली मनानं रचली नसेल कशावरून?

तो चपलांपाशी गेला आणि गुडघे टेकून बसला. डावी उचलून अंगठा पाहिला. लाल दोरा नव्हता. कारखान्यातली शिवण जशीच्या तशी. तळ उलटा केला, एक चरा नाही, खडा रुतलेला नाही. ही चप्पल कुणाच्या पायात कधी गेलीच नव्हती.

त्यानं गळ्यातला टेप काढला, लिंबाला मिठी मारल्यासारखा गुंडाळला आणि आकडा पाहिला. बुंधा आठ-नऊ वर्षांपेक्षा जुना नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "हे झाड त्या दिवशी न्हवतं."

"येड लागलं का बे तुला?" जमादार ओरडला.

"न्हवतं. सावली न्हवती म्हणून आपण समदे जीपच्या आडोशाला उबे होतो, जमादार. कठडा न्हवता. आन चपला झाडाखाली न्हवत्या. एक गेली होती, एक त्याच्या डाव्या पायात होती. लाल दोऱ्यानं शिवलेली. मीच शिवली होती. मी न वाचता सही केली, मॅडम. नंतर वाचून बी गप बसलो."

मग मॅडमनी हळू विचारलं, "मग हे झाड आलं कुठून?"

उत्तर माळाच्या उतारावरून वर येत होतं. आधी कळशी दिसली, मग डोकं, मग भिवराबाई. अनवाणी. जीप बघून ती दचकली नाही. सरळ झाडापाशी आली, कळशी बुंध्याशी रिकामी केली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मावशी, हे तुम्ही लावलं?"

"मीच की. शादेवभाऊनं वाचून दाखिवलं, उत्तरंला आठ पावलं. मी आले तर झाड न्हाई. चार दिस हुडकलं. मंग म्हनलं, सरकारी कागद खोटा कसा आसंल? झाडच कुणीतरी तोडलं आसंल. म्हणून परत लावलं." ती विहिरीकडं मान करून म्हणाली, "कठडा मोहनरावांनी पंदरा दिसांत बांदला. कागदावर हाय म्हनल्यावर त्यानला बी बरं दिसंना."

"आणि चपला?" मॅडमचा आवाज आता आणखी खाली गेला होता.

"दर साली नव्या ठिवते. लेकरू वर आलं तर आनवाणी कसं चालंल ह्या फुफाट्यात?"

जमादार मटकन कठड्यावर बसला आणि लगेच उठला, जणू तो त्याच्याच शाईनं बांधला होता आणि अजून ओला होता.

शहादेव भिवराबाईच्या समोर गेला.

"माय, बजरंग सोताहून न्हाई गेला. त्याच्या पायात चप्पल होती. अंधारात वाटंनं येताना पाय घसरला."

तिनं कळशी खाली ठेवली.

"कोणत्या पायात?"

"डाव्या."

"तीच तुटली होती."

"व्हय. मी शिवली."

"घट्ट शिवली होती का?"

"लई घट्ट. रुतत होती त्याला."

भिवराबाईनं मान हलवली. जणू शिलाईबद्दल तिची आता काही तक्रार नव्हती. मग ती वाकली, झाडाखालच्या चपला उचलल्या, झटकल्या आणि स्वतःच्या पायात घातल्या. पुरुषी मापाच्या, तिच्या पायांना दोन बोटं मोठ्या. ती रिकामी कळशी घेऊन उतार उतरायला लागली आणि माळावर फटक, फटक आवाज येत राहिला. शहादेवनं मान वर केली नाही. मान खाली ठेवून ऐकलं, तर ते चालणं तेवीस वर्षांच्या माणसाचं वाटत होतं.

जबाब मॅडमनी तिथंच, जीपच्या बॉनेटवर लिहिला. "काका, तुम्ही आता या केसमध्ये पंच नाही. साक्षीदार आहात." शहादेवनं तो तीनदा वाचला. बोट ठेवून, एक एक अक्षर. 'सदर झाड घटनेच्या दिवशी नव्हते' या ओळीवर थोडा थांबला, मग सही केली. सही कधी नव्हे ती कुणा दुसऱ्याची वाटत होती.

बंद फाईल उघडली. जमादाराची चौकशी मॅडमनी ठरल्याप्रमाणे वेगळी आणि नंतरच काढली. नोटीस मिळाली त्या दिवशी शहादेवला वाटलं होतं, आता हा माणूस तोंड बघणार नाही. पण संध्याकाळी धर्मराज स्वतः आला आणि भिवराबाईच्या जागेवर बाकावर बसला. वर्दीत नव्हता. लहान दिसत होता.

"रागं हायेस का, जमादार?" शहादेवनं विचारलं.

"न्हाई बे. झोप लागायली, लई वर्सांनी." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि रस्त्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम बाकीचे चाळीस लिंब बी बगायला जानार हायेत. एकेक करून."

"जाऊ दे की."

"जाऊ दे न्हवं, शादेव." जमादार त्याच्याकडं वळला. "तितं बी आसले तर बे?"

शहादेवनं मशीन थांबवलं. अंगदच्या बंद हॉटेलाच्या फळ्या कुरकुरल्या. जमादार निघून गेला. मग शहादेव उठला, कात्री चोरीला गेली होती त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि उत्तरेकडं तोंड करून चालायला लागला. उंबरा ओलांडला. बाकाला वळसा घातला. पुढं अंगदच्या हॉटेलाच्या भिंतीखाली गटाराच्या कडेला, जिथं तो इतकी वर्षं बाकावरची पानं आणि निंबोळ्या झाडूनं ढकलत आला होता, तिथं काहीतरी हिरवं, वीतभर उंच दिसत होतं.

तो सात पावलं गेला आणि थांबला.

"आवं," दुकानामागच्या घरातून वत्सलाबाईनं हाक मारली, "काय बघायलाव तितं अंदारात?"

"काय न्हाई," शहादेव म्हणाला. मग त्यालाच ते उत्तर पटलं नाही. नऊ वर्षं तो हेच म्हणत आला होता.

"हितं लिंब उगवलाय," तो मोठ्यानं म्हणाला. "कंदील आन. दोघं मिळून बगू."